घोरी, मर्तबानी, शिलाधर : हिरव्या चिनी भांड्यांच्या नांवांची परीक्षा

पोथ्या, नाणीं व ताम्रपट यांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांच्या कपाटांत पुष्कळदां एखादी जाड, वजनदार, शेवाळी हिरव्या झिलईची थाळीहि आढळते. मालकास विचारावें तर थाळी हातीं देण्यापूर्वीं तिचें नांव सांगण्यांत येतें. कोणी म्हणतो, ही ‘घोरी’. महंमद घोरीच्या वेळची. कोणी म्हणतो, ही ‘मर्तबानी’. इंग्रजी पुस्तकें चाळलेला असेल तो ‘सेलॅडॉन’ म्हणतो आणि लगेच पुस्ती जोडतो कीं, हा शब्द मूळचा आपल्या संस्कृतांतलाच. शिला म्हणजे दगड व धर म्हणजे हिरवा. नांव सांगून झालें म्हणजे इतिहास सांगून झाला अशी समजूत असल्यामुळें, थाळी उलटी करून तिचें बूड पाहण्याची गरज कोणास वाटत नाहीं.

प्रस्तुत लेखांत या नांवांची परीक्षा करावयाची आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, भांड्यास मिळालेलें नांव हा तें नांव देणाऱ्याचा इतिहास असतो, भांड्याचा नव्हे. नांवास पुराव्याची योग्यता यावयाची तर त्याच्या पाठीशीं स्थळ, काल व प्रत्यक्ष वस्तु हीं तीन उभीं असावीं लागतात. पोथीच्या बाबतींत हें आपण सर्व मानतों. भांड्याच्या बाबतींत मात्र विसरतों. या विसरण्याची किंमत दुहेरी पडते. संग्राहकाचा पैसा जातो तो जातोच. पण त्याहून वाईट हें कीं, ज्या तुकड्यांतून कांहीं कळण्यासारखें असतें ते फेंकले जातात आणि ज्या अखंड थाळींतून कांहींच कळत नाहीं ती मखमलीवर बसते.

१. शिलाधर

‘सेलॅडॉन’ या युरोपीय शब्दाची उपपत्ति तीन तऱ्हांनीं सांगतात. पहिली अशी : फ्रेंच ग्रंथकार ऑनोरे द्युर्फे याच्या ‘लास्त्रे’ या कादंबरींत सेलादों नांवाचा मेंढपाळ नायक आहे. ही कादंबरी १६०७ पासून भागशः प्रसिद्ध झाली. या नायकाच्या पोषाखावरील फिकट हिरव्या फितींवरून त्या रंगास व पुढें त्या रंगाच्या भांड्यांस तें नांव पडलें. दुसरी अशी : इजिप्तचा अधिपति सलाहुद्दीन यानें ११७१ मध्यें दमास्कसच्या नुरुद्दीनकडे अशीं चाळीस भांडीं नजराणा म्हणून पाठविलीं, त्याच्याच नांवाचा हा अपभ्रंश. तिसरी म्हणजे संस्कृत ‘शिलाधर’.

तिसरी उपपत्ति आपल्या भाषेचा गौरव करणारी म्हणून आपल्याकडे प्रिय आहे; यास्तव तिचीच तपासणी अधिक कसून करणें आम्हांस कर्तव्य वाटतें. आयुष्याचीं पुष्कळ वर्षें आम्हीं मुलांकडून शब्दरूपें व समास घोटवून घेण्यांत घालविलीं. एखाद्या विद्यार्थ्यानें ‘धर’ याचा अर्थ ‘हिरवा’ असा लिहिला असता तर त्यास पुन्हां एकवार अमरकोश उघडावयास सांगितल्यावांचून आम्ही राहिलों नसतों. ‘धर’ हा शब्द ‘धृ’ धातूचा. गिरिधर, चक्रधर, जलधर यांत त्याचा जो ‘धारण करणारा’ हा अर्थ, तोच शिलाधर या समासांत. म्हणजे शब्दाचा अर्थ ‘दगड वाहणारा’ असा होईल; हिरव्या रंगाचा त्यांत लवलेश नाहीं. हिरव्यास अमरानें पालाश, हरित व हरित् असे शब्द दिले आहेत आणि हिरव्या रत्नास गारुत्मत, मरकत, अश्मगर्भ व हरिन्मणि. या भांड्यास संस्कृत पंडितानें नांव दिलें असतें तर तें ‘मरकत’ किंवा ‘हरिन्मणि’ या शब्दांच्या आश्रयानें दिलें असतें. हाताशीं इतकीं नेमकीं नांवें असतां तो दगड वाहणाऱ्याकडे कशास जाईल?

अर्थ सोडून ध्वनि पाहिला तरी अडचण कमी होत नाहीं. फ्रेंच शब्दाच्या अंतीं जो अनुनासिक आहे तो ‘धर’ या शब्दांत नाहीं, आणि ‘धर’ यांतील रेफ फ्रेंच शब्दांत नाहीं. शिवाय शब्द प्रवास करतो तो कोणत्या तरी मार्गानें करतो. संस्कृतांतून फ्रेंचांत जावयाचें तर प्राकृत, फारसी, अरबी किंवा पोर्तुगीज यांपैकीं कोठें तरी त्यानें मुक्काम केला असला पाहिजे. पोर्तुगीज १५१० पासून गोव्यास होते व चिनी भांड्यांचा व्यापारहि करीत होते; परंतु त्यांनीं वापरला तो ‘पोर्सेलाना’ हा शब्द, जो मूळ इटालियन भाषेंत कवडीस लावीत. अरब व तुर्क यांचा शब्द ‘मर्तबानी’. वाटेवर एकहि मुक्काम नसलेला प्रवासी आला असें म्हणणें म्हणजे तो आलाच नाहीं असें म्हणण्यासारखें आहे.

सलाहुद्दीनच्या उपपत्तींत एक गोष्ट खरी व एक खोटी अशी मिसळ झालेली आहे. ११७१ चा नजराणा हा चिनी मालाच्या पश्चिमेकडील व्यापाराचा चांगला पुरावा आहे व तो त्या कामीं वापरावा. परंतु तो नजराणा आणि सतराव्या शतकांतील फ्रेंच शब्द यांमध्यें साडेचारशें वर्षांची दरी आहे. ती केवळ कानास गोड लागणाऱ्या सादृश्यानें भरून निघत नाहीं. खऱ्या घटनेवरून खोटें अनुमान काढलें म्हणजे घटनेच्या खरेपणानें अनुमान खरें होत नाहीं. कादंबरीची उपपत्ति दिसावयास क्षुल्लक. पण तिच्यापाशीं पुस्तक आहे, सन आहे व रंग आहे. म्हणून आम्ही तीच ग्राह्य धरतों.

परकी नांवें संस्कृत वेष घेत नाहींत, असें आमचें म्हणणें नाहीं. पालघर जिल्ह्यांतील चिंचणी येथें मिळालेल्या शके ८४८ (इ. स. ९२६) च्या राष्ट्रकूट ताम्रपटांत संयान मंडलाचा कारभार पाहणाऱ्या ताजिक अधिकाऱ्याचें नांव ‘मधुमति’ असें आहे, हा ‘मुहंमद’ या नांवाचा संस्कृत अवतार. येथें आपण विश्वास ठेवतों तो कानावर नव्हे. ताम्रपट हातीं आहे, शक कोरलेला आहे, शेजारींच ‘ताजिक’ शब्द आहे व संयान म्हणजे आजचें संजाण हें ठिकाण जागेवर आहे. त्याचप्रमाणें शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेल्या राजव्यवहारकोशांत रघुनाथपंतांनीं दरबारी फारसी शब्दांस संस्कृत पर्याय योजिले. परंतु ते फारसी शब्द मूळचे संस्कृत आहेत, असा दावा त्यांनीं केला नाहीं. पर्याय देणें वेगळें आणि मूळ सांगणें वेगळें. शिलाधरवाद्यांनीं हा भेद ध्यानीं घेतला असता तर बरें झालें असतें.

२. घोरी

दक्षिणेंत व विशेषतः हैदराबादकडे हिरव्या थाळ्यांस ‘घोरी’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. त्यावरून अशी आख्यायिका निघाली कीं, हीं भांडीं महंमद घोरीनें आणिलीं किंवा घोर प्रांतांत तीं होत. महंमद घोरी १२०६ मध्यें मारला गेला. आपल्याकडे ज्यांस घोरी म्हणतात त्या थोर घेराच्या, जाड कांठाच्या थाळ्या चेकियांग प्रांतांतील लुंगच्वान येथील भट्ट्यांच्या घडणीच्या असून त्या तऱ्हेच्या थाळ्यांचा भर चौदाव्या व पंधराव्या शतकांत होता. मेलेल्या सुलतानानें शंभर-दोनशें वर्षांनंतरचीं भांडीं आणिलीं, असें मानावयास कोणी तयार होणार नाहीं. घोर हा अफगाणिस्थानांतील डोंगराळ मुलूख; ही घडण तेथची नव्हे.

आतां कोणी चतुर मनुष्य म्हणेल कीं, कालाचीच अडचण असेल तर दुसरा घोरी घ्या. माळव्याचा सुलतान होशंगशहा हाहि घोरी घराण्यांतला; तो पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांत मांडवगडावर राज्य करीत होता, वऱ्हाडच्या उत्तरेस खेरळ्यापर्यंत त्याच्या स्वाऱ्या होत. काल जुळतो, प्रदेशहि जवळचा. कल्पना सुंदर आहे, आणि सुंदर आहे म्हणूनच आम्ही ती येथें मांडून लगेच बाजूस ठेवीत आहों. एक घोरी जुळला नाहीं म्हणून दुसरा शोधणें यास संशोधन म्हणत नाहींत. होशंगशहाच्या नांवाची एकादी थाळी, त्याच्या कोठीची एकादी याद किंवा मांडवगडच्या मातींतून निघालेलें एकादें खापर पुढें येईल त्या दिवशीं या कल्पनेस उभें राहावयास जागा मिळेल. तोंपर्यंत ‘घोरी’ हें दक्षिणेंतील बाजाराचें व जनानखान्याचें नांव, इतकेंच म्हणावें.

३. विषाची परीक्षा

घोरी थाळीची किंमत वाढविणारी दुसरी गोष्ट म्हणजे विषाची कथा. विषारी अन्न वाढल्यास थाळी तडकते, तिचा रंग पालटतो किंवा तीस घाम फुटतो, ही समजूत हिंदुस्थानांतच नव्हे तर इराण व तुर्कस्थान येथेंहि होती. राजेरजवाड्यांनीं हीं भांडीं जपून ठेवण्याचें तें एक कारण असावें हें समजण्यासारखें आहे. परंतु कांहीं जण या समजुतीस प्राचीन आर्य परंपरेचा आधार देऊं लागले आहेत. तेव्हां मूळ ग्रंथ पाहिले पाहिजेत.

कौटिल्यानें निशांतप्रणिधि व आत्मरक्षितक या प्रकरणांत राजास विषापासून जपण्याचे उपाय सांगितले आहेत. तेथें विष दिसतांच ओरडणारे शुक व सारिका आहेत, मत्त होणारा क्रौंच आहे, डोळ्यांचा रंग पालटणारा चकोर आहे. अग्नीच्या ज्वाळेचा व धुराचा रंग आहे. सुश्रुताच्या कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायांतहि राजाच्या पाकशाळेचें रक्षण याच धर्तीवर वर्णिलें आहे. सुश्रुतानेंच सूत्रस्थानांतील अन्नपानविधींत कोणता पदार्थ कोणत्या पात्रांत वाढावा याची यादी दिली आहे : लोखंड, रुपें, सोनें, तांबें, माती, कांच, स्फटिक, वैदूर्य. इतक्या तपशिलांत विष ओळखणारी हिरवी थाळी कोठेंच नाहीं. चीन देशाचें नांव आपल्या ग्रंथकारांस ठाऊक होतें. कौटिल्यास चीनपट्ट व कालिदासास चीनांशुक माहीत आहे. तें नांव वस्त्राशीं निगडित आहे, थाळीशीं नव्हे. म्हणून विषाची कथा ही भांड्यांबरोबर मागाहून आलेली समजूत होय.

वस्तुतः या झिलईची कांच १२०० अंश सेंटिग्रेडच्या वरच्या आंचेंत पक्की झालेली असते. सोमल असो वा बचनाग, जेवणांत मिसळलेल्या विषाचा तिच्यावर परिणाम होत नाहीं. ही कथा संग्रहाच्या नोंदवहींत अवश्य लिहावी. पण ‘समजूत’ या सदराखालीं. ‘गुण’ या सदराखालीं लिहिली म्हणजे ती विक्रेत्याची जाहिरात होते.

४. मर्तबानी व फगफुरी

‘मर्तबानी’ हें नांव त्या मानानें प्रामाणिक आहे. मर्तबान हें ब्रह्मदेशांतील बंदर. तेथून निघणाऱ्या गलबतांतून मोठ्या झिलईदार बरण्या पश्चिमेकडे जात. इब्न बतूता यानें चौदाव्या शतकांत आलें, मिरीं, लिंबें व आंबे भरलेल्या मर्तबानांचा उल्लेख केला आहे. परंतु येथेंहि नांव बंदराचें आहे, भट्टीचें नव्हे. मालास चढविण्याच्या ठिकाणाचें नांव पडतें आणि घडविण्याचें ठिकाण मागें राहतें. मर्तबानांतून गेलेल्या मालांत चीनचा माल होता. ब्रह्मदेशाचा स्वतःचा हिरव्या झिलईचा मालहि होता. तेव्हां ‘मर्तबानी म्हणून चिनी’ असें म्हणणें चुकीचें.

या शब्दाची पुढची गति आम्हां गोंदियाकरांस घरबसल्या पाहावयास मिळते. आमच्या भागांत मराठीबरोबर हिंदी घरोघर बोलली जाते. हिंदींत लोणच्याच्या बरणीस ‘मर्तबान’ म्हणतात व त्याचेंच दुसरें रूप ‘अमृतबान’. परक्या बंदराचें नांव कानास परकें वाटलें, म्हणून लोकांनीं त्यांत अमृत ओतलें. कोणी याच शब्दाचें मूळ ‘मृद्भाण्ड’ असें सुचवितात. शिलाधराचा जन्म कसा होतो हें समजून घ्यावयाचें असल्यास या अमृतबानाकडे पाहावें. लोकांनीं केलें तें सहज केलें, पंडितांनीं केलें तें अट्टहासानें केलें. एवढाच काय तो फरक.

फारसींत चिनी भांड्यांस ‘फगफुरी’ असाहि शब्द आहे. फगफूर हा चीनच्या बादशहाचा किताब. त्याचें जुनें इराणी रूप ‘बगपूर’. त्यांतील ‘बग’ हा आपल्या ‘भग’ शब्दाचा आणि ‘पूर’ हा ‘पुत्र’ शब्दाचा सगोत्र आहे. चिनी लोक आपल्या सम्राटास ‘स्वर्गाचा पुत्र’ म्हणत, त्याचें हें भाषांतर. कुशाण राजांचें ‘देवपुत्र’ हें बिरुदहि त्याच जातीचें. संस्कृताचा अभिमानच बाळगावयाचा तर येथें खऱ्या नात्यास जागा आहे. परंतु नातें म्हणजे उगम नव्हे, आणि किताबाच्या व्युत्पत्तीवरून भांड्याचें वय ठरत नाहीं. दौलताबादच्या किल्ल्यांतील चिनी महालाची गोष्ट अशीच. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशहा जेथें कैदेंत होता त्या वाड्यास ‘चिनी’ म्हणतात तें भिंतीवरील झिलईदार रंगीत फरशांमुळें. तो चिन्यांनीं बांधिला म्हणून नव्हे.

५. नामसाम्याची मर्यादा

नामसाम्यावर विसंबणें किती धोक्याचें आहे, हें दाखविण्यास आमच्याच जिल्ह्यांतील एक उदाहरण पुरेसें आहे. ‘लुंगच्वान’ या चिनी नांवाचा अर्थ ‘लुंग’ याचा झरा. हा लुंग म्हणजे पाण्यांत राहणारा दिव्य सर्प. बौद्ध ग्रंथांचें चिनी भाषांतर करतांना ‘नाग’ शब्दास हाच शब्द योजिला गेला. म्हणजे लुंगच्वान याचें अक्षरशः मराठी भाषांतर ‘नागझिरा’ असें होतें! आतां गोंदिया जिल्ह्यांतील नागझिऱ्याचें अरण्य सर्वांस ठाऊक आहे. उद्यां एखाद्यानें लिहिलें कीं, हिरव्या भांड्यांची विद्या नागझिऱ्याहून चीनला गेली, तर त्याचा पुरावा शिलाधरापेक्षां कांकणभर सरसच ठरेल. कारण येथें निदान अर्थ तरी जुळतो. आपण त्यावर हंसूं. मग शिलाधरावर कां हंसत नाहीं?

याउलट योग्य रीतीनें केलेल्या नामनिश्चितीचें उदाहरणहि येथूनच देतां येतें. भवभूतीनें आपलें मूळ गांव विदर्भांतील पद्मपूर म्हणून सांगितलें आहे. तें आमगांवाजवळचें पदमपूर होय, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. त्यांनीं नुसतें नांव जुळविलें नाहीं; शेजारच्या दुर्ग येथें मिळालेला, पद्मपुराहून दिलेला वाकाटकांचा अपुरा ताम्रपट त्यांनीं पुढें ठेविला व स्थळाचा विचार केला. ज्यांस हें मत पटत नसेल त्यांसहि वाद घालावयास कांहीं तरी हातीं आहे. पुराव्याची खरी खूण हीच कीं, त्याच्याशीं वाद घालतां येतो. आख्यायिकेशीं वाद घालतां येत नाहीं; ती नुसती मान्य करावी किंवा सोडावी लागते.

६. थाळी उलटी करा

मग भांडें कशावरून ओळखावें? चिनी लोक या मालास ‘छिंग-त्स’ म्हणतात. ‘छिंग’ या शब्दांत हिरवा, निळा व त्यांमधील छटा येतात, जशा आपल्या ‘श्याम’ शब्दांत कित्येक छटा येतात. हा रंग झिलईंतील अल्प लोहाचा, शेंकडा एक ते तीन या प्रमाणाचा. भट्टींत हवा कोंडली तर लोह हिरवें होतें. हवा मोकळी राहिली तर पिवळें किंवा तपकिरी. आपला कुंभार आव्याचीं तोंडें बुजवून धूर कोंडतो आणि मडकें काळें करतो, तेथें धुराची काजळी काम करते व येथें झिलईंतील लोह. पण हवा कोंडण्याचें मर्म दोहोंकडे सारखें.

हें मर्म पुष्कळ देशांनीं साधलें, म्हणून हिरवें तेवढें चिनी नव्हे आणि चिनी तेवढें लुंगच्वानचें नव्हे. चीनमध्येंच यूए व याओचौ येथील जुन्या भट्ट्या आहेत. कोरियाचा माल आहे, सयामांतील सावनखलोकचा आहे, ब्रह्मदेशाचा आहे. इजिप्त व इराण येथील कुंभारांनीं मऊ मातींत नकलाहि केल्या. कोंकणच्या किनाऱ्यावर तर आणखी सावध राहावें. संजाण येथें २००२ ते २००४ या काळांत झालेल्या उत्खननांत चिनी खापरांबरोबर पश्चिम आशियांतील निळ्या-हिरव्या झिलईचीं खापरेंहि निघालीं. त्यांची माती मऊ व पिंवळट, झिलई जाड व सुटणारी. चिनी खापर दगडासारखें कठीण व टिचकी मारल्यास वाजणारें. फरक बोटांस कळतो, नांवास कळत नाहीं.

लुंगच्वानच्या मोठ्या थाळीच्या बुडाशीं भट्टीच्या आधारावर टेकलेलें उघडें वर्तुळ असतें व तेथें माती भाजून तांबूस झालेली दिसते. आंत कधीं उठावदार मत्स्ययुग्म, कधीं झिलईखालीं कोरलेलीं फुलें. वापराच्या बारीक चऱ्या, बुडाच्या कडेची झीज, तुटल्यावर मारलेल्या धातूच्या टांचा हीं सर्व पाहावीं. परंतु हीं लक्षणें सांगतांना एक इशारा दिला पाहिजे. लुंगच्वानची विद्या बंद पडलेली नाहीं. २००९ मध्यें युनेस्कोनें तिचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत समावेश केला. जेथें जुनी विद्या जिवंत आहे तेथें जुन्यासारखा नवा माल निघणारच. झीज घासून आणतां येते, तांबूस रंग लावतां येतो. म्हणून लक्षणें आवश्यक आहेत, पुरेशीं नाहींत.

७. भांड्याची पुष्पिका

पोथीसंग्राहकांस आम्ही त्यांच्याच भाषेंत विचारतों : पुष्पिकेशिवाय पोथीचें वय तुम्ही कसें ठरवाल? अक्षराचें वळण, कागद, शाई यांवरून अदमास कराल. पण निश्चय पुष्पिकेवरून. आणि पुष्पिका असली तरी सावध राहाल. कारण लेखक पुष्कळदां मूळ प्रतीचा शकहि उतरून घेतो. चिनी भांड्यांच्या बुडावर राजवटीचें चिन्ह असतें त्याचीहि हीच गोष्ट. पूर्वजांच्या आदरानें पुढील काळचे कारागीर मागल्या राजवटीचें चिन्ह घालीत. तें चिन्ह म्हणजे उतरून घेतलेला शक समजावा.

हिरव्या भांड्याची खरी पुष्पिका बहुधा भांड्याबाहेर असते. कोरियाच्या किनाऱ्यालगत सिनान येथें १९७५ मध्यें एका कोळ्याच्या जाळ्यांत चिनी भांडीं आलीं. १९७६ ते १९८४ पर्यंत शोध चालला तेव्हां चीनहून जपानकडे जातांना बुडालेलें गलबत सांपडलें. त्यांत वीस हजारांवर चिनी भांडीं होतीं आणि त्यांतील निम्म्याहून अधिक हिरव्या झिलईचीं. मालास बांधलेल्या लांकडी पट्ट्यांवर इ. स. १३२३ शीं जुळणारी मिति होती. त्या एका मितीनें हजारों भांड्यांचा काल ठरला आणि त्यांसारख्या इतरांचाहि अदमास बांधतां आला. एकटी थाळी हें करूं शकली नसती.

दुसरी पुष्पिका मालकाची. इराणच्या शहा अब्बासानें १६११ मध्यें अर्दबील येथील आपल्या पूर्वजाच्या दर्ग्यास अकराशेंहून अधिक चिनी भांडीं वक्फ केलीं व त्यांवर तसा लेख कोरविला. १९५६ मध्यें जॉन पोप यांनीं त्या संग्रहाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हा लेख भांडें केव्हां घडलें हें सांगत नाहीं, परंतु १६११ च्या पूर्वीं घडलें एवढें निश्चित सांगतो. जहांगीर व शाहजहान यांचीं नांवें कोरलेलीं चिनी भांडीं आहेत, त्यांचाहि उपयोग असाच. पोथीच्या मुखपृष्ठावरील धन्याच्या नांवाहून याची योग्यता कमी नाहीं.

तिसरी व आपल्याकडे सर्वांत उपयोगी पुष्पिका म्हणजे सांपडण्याची जागा. दिल्लीच्या तुघलक राजवाड्यांत निघालेल्या फुटक्या चिनी भांड्यांवर एलेन स्मार्ट यांनीं निबंध लिहिला. त्यांत निळ्या चित्रांचीं भांडीं पुष्कळ व हिरवीं थोडीं. तामिळ किनाऱ्यावरील पेरियपट्टिनम येथें हिरवीं चिनी खापरें मातीच्या थरांतून निघालीं. यांतील एकहि तुकडा बाजारांत विकावयास ठेवला तर त्यास गिऱ्हाईक मिळणार नाहीं. पण चिनी माल हिंदुस्थानांत केव्हां, कोठें व कोणाच्या घरीं होता हें सांगणारा साक्षीदार तोच आहे. अखंड घोरी थाळी बाजारांतून बाजारांत फिरत येते आणि प्रत्येक हातीं एक नवी कथा घेते. फुटकें खापर एकाच जागीं पडून राहिलें म्हणून खरें बोलतें.

८. संग्राहकांस विनंति

यावरून आमच्या सूचना थोड्या व सोप्या आहेत. नोंदवहींत ‘घोरी’ किंवा ‘मर्तबानी’ असें मथळ्यास लिहूं नये. ‘हिरव्या झिलईची थाळी’ असें साधें वर्णन लिहून व्यास, उंची, वजन, बुडाचें स्वरूप व दुरुस्तीच्या खुणा मांडाव्या. लोकप्रचारांतील नांव अवतरणचिन्हांत, तें कोणाकडून व कोणत्या गांवीं ऐकलें त्यासह, खालीं द्यावें. अशा नोंदी वाढल्या म्हणजे ‘घोरी’ शब्दाचा प्रदेश तरी आंखतां येईल. थाळी घराण्यांतून आली असल्यास घराण्याच्या जुन्या यादी व वाटण्यांचे कागद शोधावे. एखाद्या यादींत ‘चिनी रकाबी’ एवढे दोन शब्द मितीसह मिळाले तर ते संपूर्ण आख्यायिकेहून मोलाचे समजावे. विकत घेतली असल्यास विक्रेत्याची कथा जशी सांगितली तशी व ज्या दिवशीं सांगितली त्या तारखेनिशीं लिहावी. पुढल्या वेळीं ती किती बदलली हें कळेल.

शेतांत, बंदरांत वा पडक्या गढींत हिरवें खापर दिसलें तर तें खिशांत घालूं नये. जागा लिहावी, छायाचित्र घ्यावें व पुरातत्त्व खात्यास कळवावें. १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तु पुरावस्तु ठरते, पोथीस पंचाहत्तर वर्षेंच पुरतात. परवान्यावांचून त्यांचा व्यापार करतां येत नाहीं व खासगी माणसास त्या देशाबाहेर नेतां येत नाहींत. आणि खरेदीच्या आधीं डोळे तयार करावे. सर रतन टाटा (मृ. १९१८) व सर दोराब टाटा (मृ. १९३२) यांनीं जमविलेलीं चिनी भांडीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहेत, हैदराबादेस सालारजंग संग्रहालय आहे. तेथें दोन दिवस घालविले तर बाजारांतील दोन वर्षें वांचतील.

संस्कृताच्या अभिमान्यांस शेवटीं एक शब्द. आपल्या भाषेचें वैभव वाढविण्यासाठीं तिला परक्या भांड्यावर नांव कोरण्याची गरज नाहीं. जेथें तिचा खरा संबंध आहे तेथें तो ताम्रपटांतून व ग्रंथांतून शकासह निघतो. जेथें नाहीं तेथें ‘नाहीं’ असें स्वच्छ सांगणें हेंच त्या भाषेनें आपणांस शिकविलेल्या व्याकरणाचें व न्यायाचें ऋण फेडणें होय.